आलुकीची जागा

६ सप्टेंबर

किंगुआहून संध्याकाळी परत आलो. दक्षिणेकडून आलेला इंजिनियर बोटीत सगळा वेळ डोळे मिटून बसला होता, पण काम त्याने चोख केलं. नदीच्या मुखाशी खडीचा जो सपाट पट्टा आहे, तिथेच मासळीच्या कारखान्याचा पाया टिकेल, असं त्याचं म्हणणं. पलीकडचा काठ दलदलीचा आहे. उन्हाळ्यात जमीन विरघळली की भिंती वाकतील. म्हणजे जागा एकच. आणि नेमकी त्याच पट्ट्यावर जुन्या वस्तीची दगडांची कडी आहेत. पालांच्या कडा दाबून धरायला ठेवलेले दगड. पालं गेली, माणसं गेली, दगड तसेच गोल बसून राहिले.

बाकीची कडी शेवाळाने भरली आहेत. एकातली खडी मात्र स्वच्छ होती, कोणी नुकती झाडल्यासारखी. इंजिनियर बुटांसकट त्यात उभा राहून मोजमापं घेऊ लागला. मी त्याला बाहेर ये म्हणाले. का, असं त्याने विचारलं, ते मला सांगता आलं नाही. मी स्वतः आत पाऊल टाकलं नाही.

दैनंदिनी पुन्हा सुरू करते आहे. गावच्या परिषदेची विकास अधिकारी म्हणून हे सगळं काम माझ्याच हातून जाणार आहे. त्यात मी चुकले, तर नेमकी कुठे चुकले ते नंतर मला सापडलं पाहिजे.

१९ सप्टेंबर

निधीची बाई येऊन गेली. मेरेडिथ तिचं नाव. उत्तरेतल्या आमच्यासारख्या आडवाटेच्या वस्त्यांना उद्योगासाठी पैसे द्यायचे की नाही, हे ओटावात बसून ठरवणाऱ्यांपैकी एक. बाई वाईट नाही. सभेला आमचं सगळं अक्पालिक गाव लोटलं होतं. चहा आणि गरम रोटी फुकट होती, हेही खरं.

कारखाना हवा आहे यात शंका नाही. गावात नोकऱ्या म्हणजे शाळा, परिषद आणि सोसायटीचं दुकान. किंगुआच्या नदीतला लाल मांसाचा इकालुक मासा आम्ही खातो, उरलेला कुत्र्यांना घालतो, आणि दुकानात दक्षिणेतून विमानाने आलेली गोठवलेली मासळी सोन्याच्या भावाने विकली जाते.

मेरेडिथने विचारलं, मासळीचा कारखाना तुम्हाला हवा आहे का? सगळ्यांनी भुवया उचलल्या. ती उत्तराची वाट बघत राहिली. मग तिने तेच जरा मोठ्याने विचारलं. पुन्हा सगळ्यांच्या भुवया वर. तेव्हा पुटूगुक उठला. तो परिषदेचा अध्यक्ष, आणि नात्याने माझा भाचा, वयाने माझ्याहून बराच मोठा असला तरी.

"बाई, अख्ख्या गावाने दोनदा हो म्हटलं," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा विचारलंत तर लोकांना वाटेल, तुम्हाला नाहीच ऐकायचंय."

हशा पिकला. भुवया वर गेल्या म्हणजे हो आणि नाक आक्रसलं म्हणजे नाही, हे मी मेरेडिथला सांगितलं. तीही हसली, तिने स्वतः करून बघितलं. मग तिने किंगुआच्या जागेबद्दल विचारलं. पहिल्या रांगेत पुटूगुकची आई मितिक बसली होती. तिने नाक आक्रसलं. मेरेडिथने शेगडीच्या वासाने त्रास होतोय का म्हणून खिडकी उघडायला सांगितली. आत्ताच शिकलेलं ती इतक्यात विसरली. पुटूगुक छताकडे बघत होता. मीही तिला काही सांगितलं नाही.

नंतर तिने नियम सांगितला. जागेशी ज्यांचं नातं आहे त्यांची संमती हवी, नाहीतर निधी नाही. किंगुआत जन्मलेलं आता गावात एकच माणूस उरलं आहे.

२३ सप्टेंबर

मितिककडे गेले. ती सत्तरी ओलांडलेली, मी चव्वेचाळीसची, आणि मी दारात पाऊल टाकलं की ती म्हणते, "ताई आली." माझ्या जन्मापासून म्हणते. तिची थोरली बहीण आलुकी अकरा वर्षांची होती तेव्हा क्षयाच्या तपासणीचं जहाज किंगुआला आलं. डेकवर तिच्या छातीचा फोटो काढला आणि तिथूनच तिला घेऊन गेले. निरोप घ्यायलाही काठावर सोडलं नाही. त्यानंतर काही कळलं नाही. कितीतरी वर्षांनी मी जन्मले, तेव्हा मितिकने माझ्या आईकडे येऊन ते नाव मला दिलं. नाव आलं म्हणजे माणूस आलं, ही आमची रीत. म्हणून मी तिची ताई, ती माझी धाकटी, आणि पुटूगुक गरज पडली की मला मावशी म्हणतो.

"मोजे ओले आहेत तुझे, ताई," ती म्हणाली. "लहानपणी अशीच होतीस." कुणाच्या लहानपणी, हे मी विचारत नाही.

ती सीलचं मांस कापत होती. माझ्यापुढे वाटा ठेवला. दुसरा वाटा छोट्या ताटलीत घालून, फडकं झाकून खिडकीत ठेवला. ही ताटली मी कळायला लागल्यापासून बघते. गेलेल्या कुणासाठी असावी. आलुकीसाठी नसणार, कारण आलुकी म्हणजे मीच, आणि माझा वाटा माझ्यापुढे होता.

किंगुआचा विषय मी काढायच्या आधी तिनेच काढला. सरकारने वस्ती उठवून सगळ्यांना अक्पालिकला आणलं, तेव्हा तिच्या वडिलांनी सांगितलं होतं की आपल्या पालाचे दगड हलवायचे नाहीत. पोर परत येईल ती किंगुआलाच उतरेल, आधी आपलं पाल शोधेल. मितिक दर उन्हाळ्यात जाऊन ते कडं झाडते.

"पण ताई तर आली ना?" मी हसत म्हणाले. "ही काय, समोर बसलेय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आलीस," ती म्हणाली. "पण अर्धीच."

२ नोव्हेंबर

निधीची नवी अट: त्या जागेत कबरी नाहीत याची खात्री द्या. कबरी नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. किंगुआची माणसं मेली ती दक्षिणेतल्या इस्पितळांत. पण "सगळ्यांना माहीत आहे" हा पुरावा होत नाही, आणि होऊ नये असंच मलाही वाटतं. त्या काळी नेलेल्या रुग्णांच्या कबरी शोधणाऱ्या कचेरीत फोन केला. विनिफ्रेड नावाच्या बाईने किंगुआहून नेलेल्या सहा जणांची नावं उतरवून घेतली. वेळ लागेल म्हणाली. शेवटचं नाव सांगताना ती थबकली. "हे तर तुमचंच नाव." मी हो म्हटलं.

पहाटे पुन्हा ते स्वप्न. लांब खोली, दोन्ही बाजूंना पांढऱ्या खाटा, उंच खिडक्या, खिडक्यांबाहेर झाडं. कुणीतरी माझे केस कापतंय. झाडं मी खरी पाहिली ती कॉलेजला गेल्यावर, आणि स्वप्न त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. दुकानातल्या कॅलेंडरांवरून मनात बसलं असेल.

२९ नोव्हेंबर

आजपासून सूर्य नाही. दुपारी पुटूगुक कचेरीत आला, बूट झाडत बसला. यंत्रं उन्हाळ्याच्या मालजहाजाने आणायची तर मागणी वसंतात नोंदवावी लागते, आणि त्याआधी मंजुरी, आणि त्याआधी आईची संमती. जहाज वर्षातून एकदाच येतं.

"मावशी, तू सांग तिला," तो म्हणाला. "माझं ऐकत नाही. तू तिची ताई आहेस. आणि जागा कुणाची आहे? तुझीच. तू म्हणालीस, उचला, की संपलं."

मी म्हणाले की मी अधिकारी म्हणून बोलले तर ती ऐकणार नाही, आणि आलुकी म्हणून बोलायचा मला अधिकार आहे का, ते मला ठाऊक नाही.

"इतकी वर्षं तिच्याकडून ताई म्हणवून घेतेस, मोठा तुकडा खातेस, तेव्हा नाही प्रश्न पडला?"

त्याची लेक दक्षिणेत कोंबड्या सोलायच्या कारखान्यात आहे. तिथे बर्फासारखं गार असतं, म्हणून मालकाला आपली मुलं बरी पडतात. तो सांगताना हसला. मला हसता आलं नाही. तिला तो गेली दोन वर्षं भेटलेला नाही.

तो चुकीचं बोलला असंही मला म्हणवत नाही. नाव मी पांघरलं आहे, मग त्याचं ओझं उचलायला का कचरावं? पण ओझं कुठलं आणि हत्यार कुठलं, ते कसं ओळखायचं?

१० डिसेंबर

केलं.

मितिक दिव्याशी बसून बुटाचा तळ शिवत होती. मी तिच्या शेजारी, बहीण बसते तशी, गुडघ्याला गुडघा लावून बसले. म्हणाले, "धाकटे, मी आले. आता वाट बघू नकोस. दगड उचलले तरी चालतील."

तिची सुई थांबली. "पुरती आलीस?"

मी भुवया उचलल्या.

तिने माझा हात हातात घेतला, उलटा करून तळवा बघितला, आणि परत ठेवला. मग तिनेही भुवया उचलल्या. संमती मिळाली. परत येताना मला काय वाटत होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर, हलकं वाटत होतं. घरी पोचल्यावर दाराची कडी दोनदा लावली. अक्पालिकमध्ये कुणी कडी लावत नाही.

४ जानेवारी

मितिकच्या खिडकीत आता ताटली नसते. ती आधीसारखीच मला ताई म्हणते, पण शिवणाला हात लावत नाही. हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसते. आधी ती खिडकीकडे बघायची. मला वाटलं होतं वाट बघणं संपलं की माणसाला विसावा मिळतो. तिला बघून तसं वाटत नाही. पुटूगुक म्हणतो की अंधाराचे दिवस आहेत, सगळेच असे होतात.

प्रस्ताव पूर्ण करून पाठवला. कबरींचं उत्तर अजून आलेलं नाही. "माहिती मागवली आहे" एवढंच लिहिलं. ते खरं आहे.

१६ फेब्रुवारी

आज डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून हे असं वेडंवाकडं. काल दुपारी कचेरीत उजव्या हातातून कप निसटला आणि त्यानंतर बोटांत जोर नाही. नर्स म्हणाली, टंकलेखन कमी करा. अर्जाची इतकी पानं भरल्यावर हात बोलणारच. दोन आठवडे पट्टा बांधायचा.

स्वप्नातली खोली आता लहान झाली आहे. एकच खाट, एकच खिडकी. झाडं मात्र तीच.

११ मार्च

मंजूर. सगळा निधी. पुटूगुकने गावच्या रेडिओवर सांगितलं आणि पाठोपाठ लोक रेडिओवर येऊन काय काय बोलत होते. कुणी म्हणालं आता कुत्र्यांनी मासे विकत घ्यावेत. पुटूगुक रेडिओवरून लेकीच्या नावाने एवढंच म्हणाला की उन्हाळा झाला की घरी ये, इथेही सोलायला काम आहे. सगळं गाव ऐकत होतं आणि ती तिकडे दूर, तिला ऐकू येणार नव्हतं.

मितिकला आनंद झाला का, विचारलं. ती म्हणाली, "झोप येत नाही, ताई. दाराला कुणी हात लावतंय असं वाटतं. उघडावं तर कुणी नसतं."

हात तसाच. पट्ट्याने फरक नाही.

२२ एप्रिल

विनिफ्रेडचा फोन. पाच जणांच्या कबरी सापडल्या, पाचही दक्षिणेतल्या तीन गावांत. कुठल्या रांगेत कोण, तेही तिने सांगितलं. मी लिहून घेत होते.

"सहावी कबर सापडली नाही," ती म्हणाली, "कारण ती नाही."

आलुकी जिवंत आहे. एका इस्पितळातून दुसऱ्यात नेताना तिच्यावर भलत्याच मुलीचं नाव पडलं, आणि ती खरी मुलगी मेल्यावर ही आलुकी आहे हे सांगायला तिथे कुणी उरलं नाही. मग कुणा कुटुंबात, मग कुठल्या वसतिगृहात, मग आणखी कुठे. सध्या एका वृद्धाश्रमात आहे, लूसी म्हणून. तिच्या सामानात चामड्याची गोल चकती निघाली. आमच्या माणसांच्या गळ्यात तेव्हा सरकारने नंबर घालून अडकवलेली असायची, तशी. नंबर जुळला.

विनिफ्रेड म्हणाली, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. मी म्हणाले, झाला. फोन ठेवल्यावर कचेरीत माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे, ती मी उलटी करून ठेवली.

२ मे

अजून कुणाला सांगितलेलं नाही. जहाजाची मागणी याच महिन्यात नोंदवायची आहे.

जिवंत माणसाचं नाव आमच्याकडची जुनी माणसं बाळाला देत नाहीत. एका नावाचं दोघांत भागत नाही म्हणतात, एकाचा जीव उणा होतो. या गोष्टी मी कॉलेजात टाचणं काढून धड्यासारख्या शिकले आणि त्या वेळी त्यांच्याकडे लांबून बघायलाही शिकले. आता लांबून बघता येत नाही. ती तिथे जिवंत असताना मी इथे तिच्या वाट्याचं मांस खाल्लं, तिच्या बहिणीवर अधिकार गाजवला, आणि डिसेंबरात तिच्या तोंडाने तिचंच घर मोडायला परवानगी दिली. तिने माझ्यामुळे काय उणेपणा सोसला असेल? की मी तिच्यामुळे?

की हा सगळा खल मी यासाठी करते आहे, की सांगायला उशीर व्हावा आणि मागणी नोंदवली जावी? हेही लिहून ठेवलं पाहिजे.

७ मे

सांगितलं. पुटूगुकही होता. तो उठून बाहेर गेला आणि बर्फावरची स्किडू गाडी सुरू न करता तिच्यावर बसून राहिला.

मितिकने डोळे पुसले नाहीत, त्यांत पाणीच आलं नाही. तिने विचारलं, तिथे गरम आहे का? मी म्हणाले, असावं. खायला काय देतात? मला माहीत नव्हतं.

मी तिची माफी मागितली. म्हणाले, ती मेली असं समजून तू मला नाव दिलंस, आणि मी—

"कोण म्हणालं मेली असं समजून?" ती म्हणाली. "मला कधीच नाही वाटलं मेली. पण नाव कुणी घेतलं नाही की गारठतं, ताई. दगडासारखं होतं. मग माणूस परत आलं तरी अंगात शिरत नाही. म्हणून तुझ्यात ठेवलं, ऊब राहावी म्हणून."

मी विचारलं, मग डिसेंबरात मी दगड उचला म्हणाले तेव्हा तू हो का म्हणालीस?

"तू पुरती आलीस म्हणालीस. मला वाटलं, तिकडे ती गेली असेल. धाकटीने थोरलीला खोटं कसं म्हणायचं?"

मी निघाले तेव्हा ती ताटली धूत होती.

१५ मे

वृद्धाश्रमात फोन लावला. चित्र दिसावं म्हणून प्रयत्न केला, पण आमचं इंटरनेट चित्र धरेना. फक्त आवाज. तिकडे जोसलिन नावाची परिचारिका होती, मायाळू आवाजाची. तिने आधीच सांगितलं की फार अपेक्षा ठेवू नका. लूसीला आपली जुनी भाषा बोलताना कधी कुणी ऐकलेलं नाही. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आल्यापासून इंग्रजीही गेली आणि उजवा हातही. ऐकू मात्र येतं. मी फोन कानाशी धरते, म्हणाली.

मितिक फोनच्या अगदी जवळ वाकली. "ताई," ती म्हणाली. मला उद्देशून नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द माझ्या शेजारून निघून गेला. "मी मितिक. मितिकच ना तुझी धाकटी?"

मग जोसलिन म्हणाली, "बोलत नाही आहेत. नुसत्या भुवया वर केल्या, आश्चर्य वाटल्यासारख्या."

मितिक हसली. इतक्या महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. पुटूगुकने टोपी काढली.

मग मितिकने विचारलं, "ताई, आपलं पाल काढू का? त्यांना तिथे घर बांधायचंय, माशांचं."

"आता नाक आक्रसलंय त्यांनी," जोसलिन म्हणाली. "बाहेर सूप गरम करताहेत, वास नसेल आवडला. थांबवूया का?"

"एकच," मितिक म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. "ताई, येशील ना?"

"पुन्हा भुवया," जोसलिन म्हणाली. "आणि डोळे मिटले. दमल्यात बिचाऱ्या."

१६ मे

सकाळी मेरेडिथला फोन करून संमती मागे घेतली. मी स्वतः घेतलेली संमती चुकीच्या मार्गाने घेतली होती, असं स्पष्ट सांगितलं. तिने विचारलं, कारण काय लिहू? जागेशी जिचं नातं आहे अशी आणखी एक व्यक्ती सापडली, तिने नकार दिला, असं लिहा म्हणाले. नकार कोणत्या स्वरूपात दिला? मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी खिडकी उघडायला लावली होती, नाही का?" अटी पूर्ण करायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. त्यानंतर निधी दुसऱ्या वस्तीकडे जातो. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, पण खात्री नाही.

पुटूगुक कचेरीच्या दारातच उभा राहून बोलला, आत आला नाही.

"मावशी, झटका आलेल्या म्हातारीच्या नाकावरच्या सुरकुतीवर तू गावाचा कारखाना घालवलास."

मी म्हणाले, पहिल्या प्रश्नाला तिने भुवया वर केल्या तेव्हा तूच टोपी काढलीस.

तो गेला. तो बरोबर असू शकतो. सूप खरंच असेल. मला कधीच कळणार नाही, आणि तरीही मी ते केलं. उद्या विचारलं तर पुन्हा हेच करीन का, याचं उत्तर मी आज लिहीत नाही.

१४ जून

लोक बोलत नाहीत असं नाही, पण मी दुकानात शिरले की रांगेतली गोष्ट संपते. रेडिओवर कुणीतरी म्हणालं की आपल्या गावात आता जिवंत माणसांचीही भुतं आहेत. कुणी हसलं नाही.

आलुकीला इकडे आणायचं पुटूगुकच बघतो आहे. राग माझ्यावर आहे, तिच्यावर नाही. डॉक्टर म्हणतात विमान झेपणार नाही, शरदात बघू. मितिकच्या खिडकीत पुन्हा ताटली असते. ती मला अजून ताई म्हणते. मी म्हणाले, आता मला काहीतरी दुसरं म्हण. ती म्हणाली, "दुसरं काय म्हणू? दोन ताया आहेत मला. एक लांब राहते."

हात तसाच.

१० ऑगस्ट

मितिक, पुटूगुक आणि मी तीन दिवस किंगुआला मासे धरायला गेलो होतो. आत्ता परत आलो. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

आम्ही आमचं पाल दगडांच्या कड्यांपासून दूर लावलं होतं. काल सकाळी जाग आली तेव्हा बाहेर पाण्याचा आवाज होता आणि मला फार बरं वाटत होतं. कशाने, ते कळेना. रात्री स्वप्न पडलं नव्हतं. चहाचा डबा उचलला आणि मग लक्षात आलं की तो उजव्या हाताने उचलला. बोटं मोकळी, जोर पूर्ववत. थंड पाण्यात जाळं ओढल्याने नस सुटली असेल. नर्सने उगाच पट्टा बांधायला लावला.

नदीकाठी बसून मी मासे चिरू लागले. मितिक समोर बसली होती. तिने मला उजव्या हाताने उलू, आमची अर्धगोल सुरी, चालवताना पाहिलं आणि तिचा हात थांबला. ती बघतच राहिली. मग तिने पहिला मासा उकडला, दोन वाटे केले, नेहमीसारखे. मी माझा घेतला. दुसरा तिने ताटलीत घातला, ताटली हातात धरून खाडीच्या मुखाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, आणि परत येऊन तोही माझ्यापुढे ठेवला.

"हाही तुझा," ती म्हणाली.

मला इतकी भूक नाही म्हणाले. "खा," ती म्हणाली. "आता पुरती आलीस, ताई."

मी खाल्लं. ती आपल्या पालाच्या कड्याकडे गेली, वाकून त्यातला एक दगड उचलला, पोटाशी धरून पाण्याच्या कडेला नेऊन ठेवला. मग दुसरा. पुटूगुक जाळं टाकून धावत आला. ती त्याला म्हणाली, "बघतोस काय, मोठे तू घे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. संध्याकाळपर्यंत ते एक कडं राहिलं नाही, नुसती झाडलेली खडी.

मी तिला एका शब्दाने काही सुचवलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते. कदाचित तिला मुलाची दया आली असेल. कदाचित दर उन्हाळ्यात झाडून झाडून ती थकली असेल. परतताना बोटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, लहान मूल झोपतं तशी, आणि माझा हात आपोआप तिच्या केसांवर गेला. मेरेडिथला काय कळवावं, कळवावं की नाही, याचा मी नीट विचार करीन. या वेळी घाई नको.

पुटूगुक कचेरीत डोकावून आला. म्हणाला फोनचा लाल दिवा लुकलुकतोय, दक्षिणेचा नंबर आहे, दोनदा येऊन गेलाय. निधीवालेच असतील. उद्या ऐकेन.

फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा उजव्या हाताने लिहिलं. सवय गेल्यामुळे असेल, पण अक्षर माझं वाटत नाही. गोल गोल, जपून काढलेलं, नुकतंच लिहायला शिकलेल्या मुलीसारखं आलं आहे.